ग्रंथ, मांजर आणि तत्त्वचिंतन

‘तत्त्वज्ञान’ हा शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या मनाला धडकी भरते. हा विषय म्हणजे जाड जाड ग्रंथांचा, क्लिष्ट शब्दांचा आणि संसाराकडे पाठ फिरविलेल्या लोकांचा. आपल्या चुलीशीं, शेताशीं किंवा शाळेच्या दप्तराशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. मीही अनेक वर्षें याच समजुतींत होतों. परंतु एका तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाच्या सहवासांत, व त्यांच्या घरच्या एका मांजरीच्या निमित्तानें, माझा हा भ्रम दूर झाला. ती हकीकत आणि त्या ओघानें समजलेल्या चार गोष्टी विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. तींत माझ्या एका अपराधाचीही कथा आली आहे. ती गाळून हा लेख लिहितां आला नसता.

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या परिसरांत नरसी नामदेव हें गांव आहे. १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोंपर्यंत हा मुलूख परभणी जिल्ह्यांत मोडत असे. परंपरेप्रमाणें संत नामदेवांचा जन्म सन १२७० मध्यें येथेंच झाला, आणि म्हणून नरसी या मूळ नांवाला त्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें. शिंप्याच्या कुळांत जन्मलेल्या या पुरुषानें भक्तीचा संदेश थेट पंजाबपर्यंत नेला. शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. आमचे स्नेही याच नरसीचे. अनेक वर्षें एका महाविद्यालयांत त्यांनीं तत्त्वज्ञान शिकविलें, आणि सुट्टी लागली कीं ते न चुकतां गांवच्या माळवदी घरीं येत. ते प्रसिद्धीला फार भितात, यास्तव त्यांचें नांव येथें देत नाहीं. गांवांत सर्व लोक त्यांना ‘प्रोफेसरसाहेब’ म्हणतात. मीही तसेंच म्हणेन.

त्यांच्या ओसरीलगतच्या खोलींत तीन भिंतींना ग्रंथ आणि चौथ्या भिंतीपाशीं ज्वारीची कणगी आहे. ग्रंथांच्या रांगेंत उपनिषदें आहेत, ज्ञानेश्वरी आहे, प्लेटो आहे, कांट आहे. फर्ग्युसन कॉलेजांत व पुढें अलाहाबाद विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकविणारे प्रो. रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांचा महाराष्ट्रांतील संतांच्या अनुभवमार्गावरील १९३३ सालचा इंग्रजी ग्रंथ आहे. कादंबरीकार म्हणून सर्वांस ठाऊक, पण मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक असलेले वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ आहे. प्रत्येक फळीवर कडुनिंबाचा वाळलेला पाला व वेखंडाचे तुकडे ठेविलेले असतात. कारण ग्रंथांना तीन वैरी आहेत: वाळवी, कसर आणि उंदीर. पहिल्या दोघांवर निंब-वेखंडाचा थोडाबहुत इलाज चालतो. तिसऱ्यावर मात्र त्यांच्या घरीं ‘मनी’वांचून दुसरा इलाज नाहीं.

मनी ही करड्या रंगाची, पट्टेदार मांजरी. मी प्रथम गेलों तेव्हां ती मेजावर, कांटच्या उघड्या ग्रंथावर, पाय पोटाशीं घेऊन बसली होती. मीं तिला उठवावयास हात पुढें केला, तोंच प्रोफेसरसाहेब म्हणाले, “राहूं द्या, मास्तर. ती कांटवर बसलेली नाहीं. माझ्या लक्षावर बसली आहे.” मग त्यांनीं मला समजावून सांगितलें. मांजराच्या शरीराचें उष्णतामान आपल्याहून अधिक, सुमारें ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतें. म्हणून त्याला उबेची आवड. कागद उष्णता लवकर वाहून नेत नाहीं. त्यामुळें गार फरशीपेक्षां ग्रंथाचें पान त्यास सुखकर वाटतें. शिवाय मांजराच्या गालांशीं गंधाच्या ग्रंथि असतात. ग्रंथाच्या कोपऱ्यास गाल घांसून तें ‘ही वस्तु माझी’ अशी आपली खूण करून ठेवितें. आणि घरचा धनी ज्या वस्तूकडे तासन् तास टक लावून पाहतो, त्या वस्तूवर जाऊन बसलें म्हणजे त्याची नजर आपल्यावर पडते, एवढा अनुभव त्यास पुरेसा होतो. “मास्तर,” ते हंसून म्हणाले, “माझ्या वर्गांतल्या मुलांना ही युक्ति सांपडली नाहीं.”

ग्रंथ व मांजर यांचें हें सख्य फार जुनें आहे. मनुष्य शेती करूं लागला, त्यानें धान्य सांठविलें, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजर आलें. पश्चिम आशियांत सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं हा क्रम सुरू झाला, असें संशोधक म्हणतात. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचें एक थडगें सांपडलें आहे. तेथें माणसाच्या अगदीं शेजारीं एक मांजर पुरलेलें होतें. धान्यासाठीं आलेलें मांजर पुढें ग्रंथांचेंही रक्षक बनलें. आपल्याकडील हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटीं लेखक विनवणी करीत असे कीं, मोठ्या कष्टानें लिहिलेल्या या पोथीला पाणी, अग्नि, चोर यांपासून जपा. आणि या यादींत पुष्कळदां उंदरांचाही उल्लेख असे. यूरोपांतही हीच स्थिति होती. नवव्या शतकांतील एका आयरिश ख्रिस्ती मठवासी विद्वानानें आपल्या ‘पांगुर बान’ नामक पांढऱ्या मांजरावर एक लहानशी कविता लिहून ठेविली आहे. तें हस्तलिखित आतां ऑस्ट्रियांतील सेंट पॉल येथील मठांत आहे. कवितेचा आशय असा कीं, एकाच खोलींत दोघे आपापली शिकार करितात. मांजर उंदराच्या मागें आहे, विद्वान अवघड अर्थाच्या मागें आहे. कोणी कोणाच्या कामांत आड येत नाहीं आणि दोघेही आपल्या धंद्यांत सुखी आहेत. प्रोफेसरसाहेबांना ही कविता फार प्रिय. अभ्यास म्हणजे काय हें शिकविण्यास याहून चांगला दृष्टांत नाहीं, असें ते म्हणतात. बिळाशीं बसलेलें मांजर तासभर हलत नाहीं. पण तें आळशी नसतें.

आतां माझ्या अपराधाकडे वळतों.

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत मीं प्रोफेसरसाहेबांकडून माँतेन या फ्रेंच तत्त्वचिंतकाच्या निबंधांचें पुस्तक वाचावयास आणिलें होतें. आमच्या घरीं तेव्हां एक काळी-पांढरी मांजर येऊन राहिली होती. तिला आम्हीं नांवही ठेविलें नव्हतें. एके दिवशीं भिंतीवरील पालीवर तिनें झेंप घेतली आणि चहाचा भरलेला पेला त्या पुस्तकावर कलंडला. दुसऱ्याची वस्तु खराब झाली, या विचारानें मला इतका संताप आला कीं, मीं शेजारीं राहणाऱ्या, माझ्याच वर्गांतील एका मुलास हांक मारिली व म्हटलें, “हिला पोत्यांत घाल आणि नदीपलीकडे सोडून ये.” मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग पोतें खांद्यावर घेऊन गेला. संध्याकाळीं रिकामें पोतें आणून त्यानें दारांत ठेविलें आणि म्हणाला, “सोडून आलो, गुरुजी.” मीं त्याला शाबासकी दिली, आणि वर एक नवी पेन्सिल बक्षीस दिली.

चार महिने गेले नाहींत तोंच माझ्या ट्रंकेंत उंदरांनीं घर केलें. वडिलांच्या वेळचे मासिकांचे बांधीव अंक, ज्यांना मीं कधीं कोणास हात लावूं दिला नव्हता, त्यांचा त्यांनीं अक्षरशः भुसा केला. एवढें झालें तरी माझे डोळे उघडले नव्हते. मी उंदरांनाच दोष देत होतों. दिवाळीच्या सुट्टींत तें डागाळलेलें पुस्तक घेऊन, पोटांत भीति धरून, मी नरसीस गेलों.

प्रोफेसरसाहेबांनीं पुस्तक उघडलें, दोन-चार पानें उलटलीं आणि म्हणाले, “डाग पडला आहे खरा, पण अक्षरें वाचतां येतात. मांजर कोठें आहे?” या प्रश्नाची मीं अपेक्षा केली नव्हती. मीं सर्व हकीकत सांगितली. ते कांहींच बोलले नाहींत. आंतून त्यांच्या वृद्ध मातोश्रींचा आवाज आला: “लेकराच्या हातून सोडवलीत का हो, मास्तर?” तें वाक्य मला फार लागलें. मांजराचा विचार मीं थोडाबहुत केला होता. त्या मुलाचा मुळींच केला नव्हता.

पुढले तीन दिवस मी तेथें राहिलों. प्रोफेसरसाहेबांनीं मला एकदांही बोल लाविला नाहीं. सकाळीं ओसरीवर, सायंकाळीं नदीकडे फिरतांना, ते आपल्या नेहमींच्या पद्धतीनें स्वतःशींच बोलल्यासारखे बोलत. आणि मनी आसपास असली तर बोलणें तिच्यावरून निघे.

त्यांचा पहिला विचार असा: दुसऱ्याच्या मनांत काय आहे, हें आपणांस कसें कळतें? डेकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें १६३७ सालीं आपल्या ग्रंथांत असें मत मांडलें कीं, पशूंना बुद्धि किंवा आत्मा नाहीं. त्यांची हालचाल घड्याळाच्या चाकांसारखी आपोआप चालते. त्याच्या कांहीं अनुयायांनीं तर पशूंचें ओरडणें म्हणजे यंत्राची करकर, असें म्हणण्यापर्यंत मजल मारिली. परंतु त्यापूर्वींच माँतेननें (१५३३–१५९२) याच्या उलट दिशा दाखविली होती. हा गृहस्थ १५७१ सालीं सरकारी काम सोडून आपल्या वाड्याच्या बुरुजांत, सुमारें हजार ग्रंथांच्या संगतींत राहूं लागला. छताच्या तुळयांवर त्यानें ग्रीक व लॅटिन वचनें रंगवून घेतलीं होतीं. मी मांजराशीं खेळतों असें मला वाटतें. पण तेंच मला खेळवीत नसेल कशावरून, अशा अर्थाची शंका त्यानें काढिली आहे. शंका विनोदी दिसते, पण तिच्या पोटांत मोठी नम्रता आहे. पशूच्या मनाविषयीं आपण जें ठामपणें बोलतों, तें आपल्याच बाजूनें पाहून बोलतों. पुढें १७८९ मध्यें बेंथम या इंग्रज नीतिवेत्त्यानें वादाचें तोंडच फिरविलें. पशूला विचार करितां येतो काय, बोलतां येतें काय, हे प्रश्न येथें गौण होत. त्याला यातना होतात कीं नाहीं, एवढेंच पाहा, असें त्याचें म्हणणें. “पोत्यांत घातलेलें मांजर काय विचार करीत होतें, हें आपणांस कळणार नाहीं,” प्रोफेसरसाहेब म्हणाले; “तें भ्यालें होतें, हें मात्र पोतें धरणाऱ्या हाताला कळतें.”

मीं आपला बचाव करण्यासाठीं म्हटलें, “कुत्रें इमानी असतें, मांजराचें प्रेम स्वार्थाचें. तें माणसाला ओळखीत नाहीं, घराला ओळखितें.” त्यावर त्यांनीं महाभारताच्या शांतिपर्वांतील कथा सांगितली. लोमश नांवाचें मांजर पारध्याच्या जाळ्यांत सांपडलें. त्याच वेळीं पलित नामक उंदरावर एका बाजूनें मुंगूस व दुसरीकडून घुबड टपलें होतें. उंदरानें मांजराशीं करार केला: मला तुझ्या कुशींत आसरा दे, मी तुझे पाश तोडीन. मांजराच्या कुशींत उंदीर पाहून दोन्ही शत्रु निराश होऊन गेले. परंतु उंदरानें शेवटचा पाश, पारधी अगदीं जवळ येईपर्यंत, तोडिला नाहीं. कारण मोकळें झालेलें मांजर पळेल कीं आपणांस खाईल, याची खात्री पारधी दिसल्यावांचून नव्हती. संकट टळल्यावर मांजरानें मैत्रीसाठीं फार गोड बोलणें केलें, पण उंदीर बिळांतून बाहेर आला नाहीं. गरजेपुरती मैत्री गरज संपतांच संपते, हें त्यानें ओळखलें होतें. “आतां सांगा,” ते म्हणाले, “तुमच्या गोष्टींत गरजेपुरती मैत्री कोणाची होती? उंदीर मारीत होती तोंवर मांजर चांगली; पेला सांडला कीं पोतें. स्वार्थी कोण?” माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे एक मौजेचा प्रसंग घडला. मनीनें कणगीमागें पिलें घातलीं होतीं; तीं एकेक मानेला धरून तिनें ग्रंथांच्या खालच्या फळीवर आणून ठेविलीं. पिलूं तोंडांत असतांना हातपाय गोळा करून अगदीं निश्चल राही. तें पाहून प्रोफेसरसाहेब म्हणाले, “या एका दृश्यावर आपल्या देशांत दोन पंथ झाले आहेत.” रामानुजाचार्यांच्या पश्चात् दक्षिणेंतील श्रीवैष्णवांत एक थोर वाद उत्पन्न झाला. वानराचें पिलूं आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतें. त्याप्रमाणें भक्तानेंही प्रयत्नानें ईश्वराला धरिलें पाहिजे, हा मर्कटन्याय. वेदान्तदेशिकांना मानणारा वडगलै पंथ याचा पुरस्कर्ता. मांजराचें पिलूं मात्र कांहींच करीत नाहीं. आई त्याला उचलते. त्याप्रमाणें उद्धार केवळ ईश्वराच्या कृपेनें होतो, हा मार्जारन्याय. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारा तेंगलै पंथ याचा कैवारी. हे दोन्ही आचार्य साधारणपणें नामदेवांच्याच काळचे, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मला त्या वेळीं आठवलें कीं, आम्हां ख्रिस्ती लोकांतही पांचव्या शतकाच्या आरंभीं ऑगस्टीन व पेलाजियस यांच्यांत कृपा श्रेष्ठ कीं माणसाचा प्रयत्न श्रेष्ठ, असाच वाद झाला होता. देश निराळे, भाषा निराळ्या, पण प्रश्न तोच! मीं त्यांना विचारिलें, “आपला पक्ष कोणता?” ते म्हणाले, “परीक्षेच्या आधीं मर्कटन्याय. निकालाच्या दिवशीं मार्जारन्याय.” विद्यार्थ्यांनीं हें वचन लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आम्ही नामदेवांच्या मंदिराकडून परत येत होतों. वाटेंत त्यांनीं ती सर्वांच्या परिचयाची कथा काढिली. नामदेवांच्या पानावरील पोळी एका कुत्र्यानें पळविली. लोक काठी घेऊन धांवले असते. नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, कारण तें बिचारें कोरडी पोळी खाणार होतें. ही कथा आपण भक्तीचें उदाहरण म्हणून सांगतों, तें योग्यच आहे. पण नीतिशास्त्राच्या दृष्टीनें तींत आणखी एक गोष्ट आहे. नुकसान झालें त्या क्षणीं नामदेवांचें लक्ष आपल्या रिकाम्या पानाकडे गेलें नाहीं. समोरच्या जीवाच्या घांसाकडे गेलें. माझें लक्ष मात्र पुस्तकावरील डागाकडे गेलें होतें.

“आणि त्या मुलाचें काय?” मीं आपण होऊन विचारिलें. तेव्हां त्यांनीं कांटचें मत सांगितलें. पशूंविषयीं आपलें कर्तव्य प्रत्यक्ष नसून अप्रत्यक्ष आहे, असें कांट मानीत असे. तरीही त्यानें बजाविलें आहे कीं, जो पशूंशीं क्रूरपणें वागतो त्याचें मन माणसांविषयींही कठोर होतें. यासाठीं त्यानें होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या १७५१ सालच्या चार चित्रांचा दाखला दिला आहे. पहिल्या चित्रांत मुलें कुत्र्या-मांजरांचा छळ करितात. शेवटल्या दोहोंत त्यांतलाच एक खुनी होऊन फांसावर जातो. याच्या उलट, इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोश १७५५ सालीं तयार करणारा डॉ. जॉन्सन आपल्या ‘हॉज’ नांवाच्या मांजरासाठीं कालवें आणावयास स्वतः बाजारांत जात असे. नोकरांवर तें काम टाकलें तर त्यांना त्रास होईल व ते त्या मुक्या प्राण्याचा राग करूं लागतील, हा त्याचा विचार. प्रोफेसरसाहेब इतकेंच बोलून थांबले. जॉन्सननें चांगलें काम स्वतः केलें. मीं वाईट काम दुसऱ्याकडून, तेंही माझ्यावर विश्वासणाऱ्या मुलाकडून, करविलें होतें.

येथें पालकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मांजराला पोत्यांत घालून दूर सोडणें ही आपल्याकडे अगदीं किरकोळ बाब समजली जाते. परंतु प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें, उपासमारीनें किंवा तहानेनें क्लेश होतील अशा स्थितींत, सबळ कारणावांचून प्राण्यास टाकून देणें हा गुन्हा आहे.

शाळा उघडल्यावर मीं त्या मुलास घरीं बोलाविलें. वर्गांत बोलण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मीं म्हटलें, “बाळ, त्या दिवशीं मीं तुझ्याकडून वाईट काम करवून घेतलें. रविवारीं आपण दोघे नदीपलीकडे जाऊन तिचा शोध करूं.” मुलाचा चेहरा उतरला. तो खालीं पाहून म्हणाला, “गुरुजी, मी खोटं बोललो. तिला सोडलीच नाही. नदीपलीकडं आजीची वस्ती आहे, तिथं नेऊन दिली. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही.” असें म्हणून त्यानें दप्तरांतून ती पेन्सिल काढून माझ्यापुढें ठेविली. तिला अद्याप टोंक केलेलें नव्हतें.

रविवारीं आम्ही गेलों. मांजर बैलगाडीच्या जोखडावर ऊन घेत बसली होती. आजी म्हणाल्या, “लई गुणाची आहे, कणगीला उंदीर शिवू देत नाही.” मीं हात पुढें केला, तिनें एकवार माझ्याकडे पाहिलें आणि ती गाडीखालीं निघून गेली. तिनें मला ओळखिलें कीं ऊन सरलें म्हणून ती उठली, हें सांगतां येत नाहीं. माँतेनचा प्रश्न तेथेंही माझ्यापुढें उभा राहिला.

विद्यार्थिमित्रहो, त्या मुलानें गुरूची आज्ञा मोडली व असत्य भाषणही केलें. कांटनें १७९७ सालच्या एका निबंधांत, दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठींही असत्य बोलूं नये, असें कडक मत दिलें आहे. मग या मुलानें बरें केलें कीं वाईट? आज्ञा देणाऱ्याचें यांत किती, आणि पाळणाऱ्याचें किती? या प्रश्नाचें उत्तर मी येथें देत नाहीं. आज रात्रीं जेवतांना तो घरीं काढा; वडील एक म्हणतील, आई दुसरें म्हणेल, आजी तिसरेंच म्हणेल. तुमच्या घरांत तत्त्वज्ञान शिरलें असें त्या वेळीं खुशाल समजा.

ही सर्व हकीकत मीं प्रोफेसरसाहेबांना पत्रानें कळविली, आणि पेन्सिलीचें काय करावें असें विचारिलें. त्यांचें उत्तर एका कार्डावर आलें. त्यांत चारच ओळी होत्या. पुस्तक आणखी कांहीं दिवस आपणांकडेच राहूं द्यावें. मनीचीं पिलें मोठीं झालीं आहेत. ट्रंकेला राखण हवी असल्यास एक पाठवितों, पण या खेपेस तिला नांव ठेवावें. पेन्सिल त्या मुलालाच परत द्यावी. मात्र ती आतां कशाबद्दल देत आहां, हें त्याला स्पष्ट सांगावें.

मीं तसें केलें.